ऊन, पाऊस, थंडी आणि सूर्य: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलचा चटका, कृष्णेचा पूर, माणदेशातली कोरडी आभाळं, महाबळेश्वरात गोठलेलं दव. आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षभर जे घडतं, ते सगळं सूर्याच्या उष्णतेवर चालतं. तरीही "सूर्य जवळ आला की उन्हाळा" इथपासून ते "सूर्यच जास्त तापायला लागलाय, आपण काय करणार" इथपर्यंत अनेक समजुती शाळेत, बागायतदारांच्या बैठकीत, पारावर ऐकू येतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र घेतले आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूर्य पृथ्वीकडे किती ऊर्जा पाठवतो, हे जवळजवळ ठरलेलं आहे. ती कोणत्या कोनातून येते, दिवसाचे किती तास येते आणि हवा, पाणी, डोंगर तिचं काय करतात, यावर आपला ऋतू ठरतो.

जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते म्हणतात. मग थंडी नेमकी तेव्हाच कशी?

म्हणतात ते खरं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. फरक ५० लाख किलोमीटरचा आहे. ऐकायला तो प्रचंड वाटतो, पण एकूण अंतराच्या मानाने साधारण ३ टक्केच भरतो. त्यामुळे जुलैच्या तुलनेत जानेवारीत संपूर्ण पृथ्वीला सुमारे ७ टक्के जास्त ऊन मिळतं.

ऋतू अंतरावर ठरत असते, तर सगळ्या जगात उन्हाळा एकाच वेळी आला असता. तसं होत नाही. आपण जानेवारीत पहाटे शेकोटी करतो, तेव्हा ऑस्ट्रेलियात भर उन्हाळ्यात क्रिकेटचे सामने रंगलेले असतात.

खरं कारण पृथ्वीच्या आसाचा कल. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला रोखलेला राहतो. म्हणून सूर्याभोवती फिरताना जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे, तिथे ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवसही मोठा होतो. अंतरामुळे पडणारा ७ टक्क्यांचा फरक या दोन गोष्टींपुढे टिकत नाही.

तिरपं ऊन कमी तापवतं, म्हणजे किती कमी? आपल्या गावचा हिशोब सांगा.

सातारा शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सांगली सुमारे १६.९ अंशांवर. २२ डिसेंबरला साताऱ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या वर चढत नाही. तेवढंच ऊन मग जास्त जमिनीवर पसरतं आणि प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला डोक्यावरच्या उन्हाच्या साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा येते. शिवाय तिरप्या किरणांना हवेतून जास्त अंतर कापावं लागतं, त्यात आणखी थोडी घट होते.

दुसरा भाग दिवसाच्या लांबीचा. साताऱ्यात २१ जूनला दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा असतो, २२ डिसेंबरला सुमारे ११ तासांचा. लंडनला डिसेंबरातला दिवस ८ तासांपेक्षाही छोटा असतो आणि दुपारचा सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो. म्हणून तिथला हिवाळा कडक असतो आणि आपली थंडी स्वेटरवर भागते.

शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे कधी येतो? तो बघायला काय लागतं?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सांगलीत तो ८ मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. साताऱ्यात ११ मेच्या सुमारास आणि नंतर २ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टचा योग बहुधा ढगांमुळे हुकतो, म्हणून मे महिन्यातला दिवस धरावा. त्या वेळी शाळांना सुट्टी असते याची मला खरोखर हळहळ वाटते. भूगोलाच्या पुस्तकातला कर्कवृत्ताचा धडा त्या दिवशी अंगणात उभा असतो आणि बघायला वर्गात कोणी नसतं.

लागते ती फक्त एक मीटरची सरळ काठी, ओळंब्याने उभी केलेली. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि आपण ७४ अंशांच्या आसपास राहतो, त्यामुळे आपली खरी दुपार बाराला होत नाही. ती वर्षभरात सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान कधीतरी होते. मे महिन्यात ती साधारण साडेबाराला असते.

एकच दिवस न धरता वर्षभर ही काठी मोजली तर जास्त मजा येते. साताऱ्यात एक मीटर काठीची दुपारची सावली २२ डिसेंबरला सुमारे ८७ सेंटिमीटर असते, २१ मार्चला सुमारे ३२ आणि २१ जूनला जेमतेम १०. जूनमधली ती १० सेंटिमीटरची सावली दक्षिणेकडे पडते, कारण तेव्हा सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. सांगलीत हेच आकडे साधारण ८५, ३० आणि १२ असे येतात. मोजणी सावलीवरच करायची, सूर्याकडे बघायचं नाही.

२१ जूनला दिवस सर्वांत मोठा असतो. मग सर्वांत जास्त उकाडा एप्रिल-मेमध्ये का?

जून येईपर्यंत ढग येतात म्हणून. मृग लागला की आभाळ भरतं, आलेल्या उन्हातलं बरंचसं ढगांच्या माथ्यावरूनच परत जातं, आणि जे खाली पोचतं त्यातलं पुष्कळसं ओल्या जमिनीतलं पाणी वाफ करण्यात खर्ची पडतं. तापमान वाढवायला थोडंच उरतं. उत्तर गोलार्धातल्या ज्या देशांत मोसमी पाऊस नाही, तिथे बहुधा जुलै हा सर्वांत उष्ण महिना असतो.

सांगलीकडे तर अनेकदा एप्रिलच मेपेक्षा जास्त भाजतो, कारण मेमध्ये वळीव सुरू होतो. दुपारपर्यंत जमीन इतकी तापते की तिच्यालगतची हवा वेगाने वर चढते. त्यात समुद्राकडून आलेली ओल असली की संध्याकाळी काळे ढग, विजा, कधी गारा. वळीव हे दिवसाच्या उन्हाचं त्याच दिवशी मिळालेलं उत्तर आहे.

आणि ऑक्टोबरचा उकाडा?

ढग निघून जातात, सूर्य अजून बराच वर असतो, आणि जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते. ती ओल वाफ होऊन हवेत राहते, घाम वाळत नाही, म्हणून पारा मेएवढा नसूनही जीव नकोसा होतो.

उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं की २२ डिसेंबरला?

आकाशात बघायचं तर २१-२२ डिसेंबरला. त्या दिवसानंतर दुपारचा सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकू लागतो आणि दिवस वाढायला लागतो. "संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो" असं आपल्याकडे म्हणतात. १४ जानेवारीला दिवस वाढत असतोच, फक्त वाढीची सुरुवात तीन आठवडे आधी झालेली असते.

हे अंतर पडलं कसं? पृथ्वीचा आस स्वतःही अतिशय संथपणे वर्तुळात फिरतो. त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होते. आपलं पंचांग सूर्याचा मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, आणि ऋतू ठरतात आसाच्या कलाने. या दोन्हींत साधारण ७२ वर्षांना एक दिवस असा फरक साठत जातो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि सर्वांत छोटा दिवस जवळपास एकत्र येत होते.

शेतकऱ्याला हे समजणं उपयोगाचं आहे, कारण पावसाची नक्षत्रंही ताऱ्यांवरच बांधलेली आहेत. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. मृग आज ७-८ जूनला लागतो आणि मोसमी पाऊसही साधारण त्याच सुमारास आपल्याकडे पोचतो, म्हणून आजोबा-पणजोबांचे आडाखे अजून बरेचसे जुळतात. पण दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल आणि पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही.

पाऊस तर समुद्रावरून येतो. त्यात सूर्याचा काय संबंध?

सगळाच संबंध आहे, आणि तो दोन पायऱ्यांत येतो.

पहिली पायरी वाऱ्याची. मार्चपासून उत्तर गोलार्धात ऊन वाढत जातं. जमीन पटकन तापते. समुद्र हळू तापतो, कारण पाण्याला तापायला जास्त उष्णता लागते, ती खोलवर मिसळते आणि काही बाष्पीभवनात जाते. मेअखेर राजस्थान-पाकिस्तानचं वाळवंट भट्टीसारखं तापलेलं असतं आणि तिथे हवेचा दाब खूप उतरतो. तिबेटचं उंच पठारही वरच्या हवेला थेट तापवतं. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरावर जास्त दाबाचा प्रदेश असतो. वारे तिथून निघतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात.

दुसरी पायरी पाण्याची. हे वारे हजारो किलोमीटर उबदार समुद्रावरून येतात आणि उन्हाने उडालेली वाफ सोबत घेतात. ही वाफ म्हणजे साठवलेलं ऊन. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४-२५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. वाफेचा पुन्हा पाऊस होताना ती सगळी उष्णता ढगात मोकळी होते, त्याने हवा आणखी वर चढते, खालून आणखी ओली हवा ओढली जाते. एकदा सुरू झालेला मोसमी पाऊस असा स्वतःच्याच उष्णतेवर जोर धरतो.

एकच सूर्य, एकच ढग. मग महाबळेश्वर ओलंचिंब आणि माण-जत कोरडे, हे कसं?

हा प्रश्न आपल्या भागाचा खरा प्रश्न आहे. देशात फार थोड्या ठिकाणी एवढ्या कमी अंतरात एवढा फरक दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, माण तालुक्यातल्या म्हसवडकडे, तो पाचशेच्या आसपास असतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापट फरक.

समुद्रावरून आलेली ओली हवा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळते आणि तिला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते, पसरली की थंड होते, आणि थंड हवेत वाफ मावत नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तो यामुळे. माथा ओलांडून खाली उतरताना तीच हवा दाबली जाते, गरम होते, आणि उरलेले ढग विरघळू लागतात. महाबळेश्वरहून पाचगणीला उतरलं तरी पाऊस निम्म्याहून कमी होतो आणि वाईत त्याहून कितीतरी कमी. पुढे खटाव, माण, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. जून-जुलैत तिथल्या आभाळात ढग धावताना दिसतात पण थांबत नाहीत.

या पट्ट्याचा खरा पाऊस सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, जेव्हा पश्चिमेचा जोर ओसरतो, जमीन पुन्हा थोडी तापते आणि वळवासारखे गडगडाटी ढग जागच्या जागी तयार होतात. शाळूची पेरणी त्यावरच असते. कोयनेच्या पाणलोटात जुलैत धुवाधार पाऊस झाला म्हणून जतमध्ये पीक आलं, असं होत नाही. दोन्ही ठिकाणांची हवामानाची गणितं वेगळी आहेत आणि नियोजनही वेगळंच हवं.

ढगात थेंब नेमका कसा वाढतो, याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरातच मांडला आहे. तिथली ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून काम करते. घाटमाथ्यावर ढग चालत दारात येतो, एवढं सोयीचं ठिकाण दुसरं कुठे मिळणार.

महाबळेश्वरात तापमान ५-६ अंश असताना वेण्णा तलावाजवळ दव गोठतं कसं? शून्याखाली गेलं तरच गोठायला हवं ना?

गोठणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान शून्याला आलेलंच असतं. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, पेटीत सावलीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन, गवत, गाड्यांचे टप, बोटींच्या धक्क्याच्या फळ्या आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी थंड होतात. तलावाचा भाग खोलगट असल्यामुळे उतारावरची जड, थंड हवाही तिथे येऊन साचते. रात्री ढग असतील तर हे घडत नाही, कारण ढग खालून आलेली उष्णता पुन्हा खाली पाठवतात.

कोयनेची वीज आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, हीसुद्धा सूर्याचीच ऊर्जा का?

हो, दोन्ही. वारा वाहतो तो जमीन कमी-जास्त तापल्यामुळे. चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पठारांवरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात सर्वांत जोरात फिरतात, कारण नैऋत्य मोसमी वाऱ्याचाच जोर तिथे असतो.

कोयनेचं तर सोपं गणित करून बघण्यासारखं आहे. शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. त्या पडण्यातून एका किलो पाण्यामागे साधारण ४,७०० ज्यूल मिळतात. तेच पाणी समुद्रातून उचलताना सूर्याने २४ लाखांहून जास्त ज्यूल खर्च केलेले असतात. म्हणजे १,९६० मेगावॅट क्षमतेचा आपला एवढा मोठा प्रकल्प पाणी वर नेणाऱ्या उन्हाच्या जेमतेम पाचशेव्या हिश्शावर चालतो. बाकीची उष्णता ढगांतच सुटून वारे आणि पाऊस चालवते.

पिकांना उन्हाचा फरक कुठे जाणवतो? ढगाळ हवा आली की बागायतदार एवढे धास्तावतात का?

द्राक्षापासून सुरुवात करू. तासगाव, मिरज, कवठे महांकाळच्या बागांत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. या कामाला भरपूर, थेट ऊन लागतं. तेव्हा सलग ढगाळ हवा राहिली तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेलीला घड कमी लागतात. नुकसान मे-जूनमध्ये होतं आणि दिसतं सहा महिन्यांनी, म्हणून अनेकदा दोष खताला किंवा औषधाला दिला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली अवकाळी ओल हा वेगळा धोका. ऊन नसल्यामुळे पानं वाळत नाहीत आणि डाऊनी हा बुरशीसारखा रोग पसरतो.

बेदाण्यालाही हवामान लागतं ते याच भागाचं. फेब्रुवारी ते एप्रिल कोरडी, गरम, वाहती हवा असते म्हणून शेडमध्ये सावलीतही मणी लवकर सुकतात. कोकणात हे जमलं नसतं. हळद शिजवून उन्हात वाळवायची, तीही याच दिवसांत.

उसाचं उलट आहे. वाढीला ऊन आणि उष्णता लागते, पण साखर साठायला थंड, कोरड्या रात्री आणि स्वच्छ दिवस हवेत. डिसेंबर ते फेब्रुवारीत कारखान्यांचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चढतो तो यामुळे. थंडी लांबली किंवा ढग राहिले की उतारा खाली येतो.

काही पिकं तर दिवसाची लांबीच मोजतात. मालदांडी शाळू लहान होत जाणाऱ्या दिवसांचा आहे, म्हणून तो भाद्रपद-आश्विनात पेरतात. शेवंतीही रात्र मोठी झाली की फुलते. हरितगृहात शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलतात.

सूर्याकडून आलेली ऊर्जा शेवटी जाते कुठे? साठतच गेली तर पृथ्वी भाजून निघायला हवी.

जेवढी येते जवळजवळ तेवढीच परत जाते, म्हणून भाजून निघत नाही. वातावरणाच्या वर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते. पृथ्वी गोल आहे आणि अर्धी नेहमी अंधारात असते, त्यामुळे सगळीकडची सरासरी काढली तर ती सुमारे ३४० वॅट पडते. त्यातलं साधारण ३० टक्के ऊन ढग, बर्फ, वाळवंटं आणि हवा परत फेकतात. उरलेलं जमीन, समुद्र आणि हवा शोषतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उष्णतेच्या रूपात अवकाशात सोडतात.

नुसता एवढाच व्यवहार असता, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश राहिलं असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे, कारण हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू बाहेर जाणारी उष्णता अडवतात आणि काही भाग परत खाली पाठवतात. ही पृथ्वीच्या अंगावरची वाकळ आहे. ती नसती तर कृष्णा बारा महिने गोठलेली राहिली असती. हे वायू उष्णता शोषतात हे १८५० च्या दशकातच प्रयोगांनी दिसलं होतं, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचा पहिला हिशोब स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला. ही काही काल-परवाची कल्पना नाही.

मग आताची तापमानवाढ सूर्यामुळेच होत असेल. सूर्यावर डाग वाढतात, वादळं होतात...

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सूर्याची ऊर्जा थोडी बदलते हे खरं आहे. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात डाग वाढतात आणि कमी होतात. पण या चक्रात एकूण ऊर्जेत पडणारा फरक सुमारे ०.१ टक्का आहे. १९७८ पासून उपग्रह ही ऊर्जा सलग मोजत आहेत आणि या काळात तिच्यात वाढीचा कल दिसलेला नाही. तापमान मात्र याच काळात सतत चढत गेलं आहे.

आणखी एक पुरावा मला सर्वांत पटणारा वाटतो. सूर्य जास्त तापवत असता, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतो आहे. वाकळ जाड झाली की असंच होतं, कारण खालची उष्णता खालीच अडकते. औद्योगिक काळाआधी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो ४२० च्या वर आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने ही वाढ झाली आहे.

सूर्याचा अभ्यास त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. इस्रोचं आदित्य-एल १ यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोचलं. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली. सौरवादळांमुळे उपग्रह, संदेशवहन आणि वीजवाहिन्यांना धोका असतो, तो आधी कळावा हा या अभ्यासाचा एक उपयोग आहे.

२०१९ आणि २०२१ चे पूर तापमानवाढीमुळेच आले का?

एका पुराचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घाटमाथ्यावरचा दिवसचे दिवस न थांबलेला पाऊस, भरलेल्या धरणांतून सोडावं लागलेलं पाणी, नदीच्या पात्राची आणि पूररेषेतल्या बांधकामांची स्थिती, सगळ्याचा त्यात वाटा असतो.

पण पावसाच्या स्वभावात होणारा बदल भौतिकशास्त्रातून स्पष्ट कळतो. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणजे जेव्हा पाऊस कोसळतो तेव्हा ओतायला जास्त पाणी असतं, आणि दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांत मातीतली ओल जास्त वेगाने उडते. कृष्णाकाठाला महापूर आणि जत-माणला टँकर, हे दोन्ही एकाच वर्षी दिसू शकतं. अशा वेळी धरणांच्या पाण्याचं वेळापत्रक आणि पूररेषेचे नियम जुन्या सरासरीवर बेतून चालणार नाही. हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण पाणी ओसरल्यावर गाळ काढणारी माणसं आपलीच असतात.

एल निनो आला की दुष्काळ पक्का का?

नाही, शक्यता वाढते. प्रशांत महासागराचा मधला-पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला की आपल्याकडचा मोसमी पाऊस अनेकदा दुबळा पडतो. १९७२ च्या दुष्काळात तसं झालं. पण १९९७ मध्ये एल निनो अतिशय जोरदार असूनही देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला, कारण हिंदी महासागराची स्थिती अनुकूल होती.

ऋतू पूर्वीही असेच होते का?

हजारो वर्षांच्या मापाने बघितलं तर नाही. आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलतो, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात असते तेही बदलतं. साधारण ११,००० वर्षांपूर्वी ती जूनच्या आसपास सर्वांत जवळ असायची. तेव्हा उत्तर गोलार्धातला उन्हाळा जास्त तापायचा, आणि पुढची काही हजार वर्षं मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता, सहारातही गवत आणि तलाव होते. हिमयुगांचं येणं-जाणंही याच चक्रांशी जोडलेलं आहे. मात्र ते बदल शेकडो पिढ्यांत झाले आणि आताचा बदल आजोबा-नातवाच्या आयुष्यात दिसतो आहे.

छतावर सौर पॅनल लावले तर मे महिन्यात सर्वांत जास्त वीज मिळेल ना? आणि त्याने गावातली उष्णता वाढते का?

ऊन मेमध्ये कडक असलं तरी पॅनलला उष्णता मानवत नाही. तो २५ अंशांपेक्षा जितका जास्त तापतो, तितकी प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि मेच्या दुपारी पॅनल सहज ६० अंशांच्या वर जातो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ, त्या मानाने थंड दिवसांत उत्पादन फार चांगलं मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते बरंच खाली येतं, घाटाकडच्या गावांत जास्तच. आपल्या अक्षांशाला पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १७ अंशांनी तिरपे लावावेत, म्हणजे वर्षभराची बेरीज चांगली येते. धूळ पुसणं विसरू नये, दुष्काळी पट्ट्यात तर नाहीच.

उष्णतेचं म्हणाल, तर पॅनल गडद असल्यामुळे जवळची हवा दुपारी थोडी जास्त गरम होऊ शकते, पण तो परिणाम तेवढ्या जागेपुरताच राहतो. दुसऱ्या बाजूला, एक किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देतो. तेवढी वीज आजच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून घेतली, तर दरवर्षी एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पुढे शतकानुशतकं तिथे राहतो.